लहानू तापाने गेला

नंदनवन, नागपूर
सोमवार, २४ मार्च २०२५

तीर्थस्वरूप दादास,

गोपिकाचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण रितिकाचं लग्न ठरलं त्या साक्षगंधाच्या दिवशी तू मले दाराबाहेर काढलं, म्हणून दारात उभ्याने जेवढा होतो तेवढाच समज. इकडे सर्व ठीक. वहिनीची कंबर कशी आहे? यंदा मार्चातच ऊन एवढं चढलं म्हणजे तुझ्या कारखान्यात आता जेवायलेही सवड नसेल. आमच्या समोरच्या घरी काल तुझाच कूलर लागला. सकाळपासून ओल्या खसचा वास येऊन राहिला आणि मले तुझी आठवण येऊन राहिली. आधी रागच आला, खोटं काहून बोलू. मग आठवण आली.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाही. उचलला तरी मी ओरडते, मग तू ओरडतो, मग वहिनी फोन हिसकावून घेऊन रडते आणि मुद्दा राहूनच जातो. कागद बरा. कागद तू मधेच कापू शकत नाही. फाडू शकतो, ते मले माहीत आहे. पण फाडण्याआधी पूर्ण वाच, एवढं तरी धाकट्या बहिणीचं ऐक गा. आणि कॉलेजात दिवसभर मला-तुला करून माझी जीभ अवघडून जाते, तुले लिहिताना आपलीच बोली हाताशी येऊन राहिली, ती चालवून घे.

रितिकाचं कळलं. शुक्रवारी कानाचं ऑपरेशन. तिनेच मेसेज केला, "आत्या, बाबाने तुले सांगू नको म्हटलं, म्हणून सांगून राहिली." तिच्यावर चिडू नको. तुझीच पोट्टी आहे, नको म्हटलेलं आधी करणार. कानाच्या पडद्याचं भोक लग्नाआधी बुजवून घ्यायचं, हे तुझं शहाणपणाचंच आहे. होणाऱ्या जावयाच्या, मोहितच्या घरच्यांले कानाचं आधीच सांगितलं, तेही चांगलं केलं. तेवढं सांगितलं तर दुसरंही सांगता आलं असतं, पण ते जाऊ दे. त्यावर आपलं भांडण होऊन चुकलं आहे.

मले तुझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीचे डॉक्टर तपासणीले बोलावतील. घरच्या माणसांबद्दल विचारतील. तेव्हा एक वाक्य बोलायचं: "माझा लहान भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर, भूल दिल्यावर गेला." बस. पुढचं ते पाहून घेतात. रितिकाची कोणतीही तपासणी करायची गरज नाही, निकालाची वाट पाहायची गरज नाही. त्यांले एवढं कळलं की ते भूल वेगळ्या पद्धतीने देतात आणि पोरगी ठणठणीत घरी येते. नाही कळलं, तर मी पुढे लिहिते तसं होऊ शकते. वाच.

मी काय शिकवते ते तू कधी विचारलं नाही. लोकांले सांगतो, "माझी बहीण कॅल्शियमची डॉक्टर आहे," आणि लोक माझ्याजवळ गुडघेदुखीच्या गोळ्या मागायले येतात. आज एकदा नीट सांगते. तुले समजायले काही कठीण नाही, तू आयुष्यभर कूलरच बनवले आहेत.

आपल्या स्नायूच्या प्रत्येक पेशीत एक टाकी असते. पाण्याची नाही, कॅल्शियमची. हात उचलायचा म्हटलं की टाकीचं दार उघडते, कॅल्शियम बाहेर पडते आणि स्नायू आवळतो. हात सैल सोडायचा म्हटलं की पंप सुरू होतो, बाहेर पडलेलं सगळं ओढून परत टाकीत भरतो. आता टाकीत किती उरलं हे पेशीले कसं कळते? तू टाकीत फ्लोट टाकतो ना, पाणी उतरलं की तो खाली जातो आणि नळ उघडतो. पेशीच्या टाकीच्या भिंतीतही तसेच फ्लोट आहेत, डोळ्यांनी न दिसणारे, प्रथिनाचे. टाकी रिकामी व्हायले लागली की ते सरकत सरकत पेशीच्या बाहेरच्या भिंतीपाशी जमा होतात आणि तिथला नळ उघडतात. बाहेरून नवं कॅल्शियम आत येते, टाकी भरते, फ्लोट पुन्हा आपापल्या जागी पसरतात. मी प्रयोगशाळेत या फ्लोटले चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. टाकी रिकामी केली की सगळीकडे पसरलेला उजेड ठिपक्याठिपक्यांनी भिंतीपाशी गोळा होतो. इतकी वर्षं झाली, पण तो उजेड सरकायले लागला की मी अजून खुर्चीत सरळ होऊन बसते. कोणी सांगितलं नाही, कोणी बोलावलं नाही, आणि एवढ्याशा पेशीले आपल्या घरात काय उणं आहे ते बरोबर कळते!

आता कूलर बिघडव. काही माणसांच्या टाकीचं दार जन्मापासून जरासं वेगळं असते. रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही. ते खेळतात, ओझी उचलतात, लेकरं वाढवतात. पण भुलीचे काही वायू आहेत, त्यातला एखादा नाकातोंडातून आत गेला की ते दार उघडते आणि उघडंच राहते. टाकीतलं सगळं बाहेर. स्नायू आवळतात ते सुटतच नाहीत. पंप जीव तोडून ओढून राहिला, भरलेलं सगळं परत बाहेर पडून राहिलं. वरून फ्लोट म्हणतो टाकी रिकामी आहे, उघडा नळ. मग बाहेरूनही येऊन राहिलं. आता तूच सांग, असा पंप चालू ठेवला तर काय होते?

मोटर तापते. तू हेच म्हणशील. अंगातल्या प्रत्येक स्नायूत तशी मोटर तापते दादा. माणूस आतून भट्टीसारखा तापतो आणि लाकडासारखा कडक होतो. त्यावर औषध आहे, पण ते लगेच हाताशी लागते, आणि ते सगळीकडे असतेच असं नाही. तेव्हा तर इथे कोणाजवळच नव्हतं.

तेव्हा, म्हणजे कधी, ते तुले समजलं असेल.

लहानूदादा सायकलवरून पडला, कोपर मोडलं. साधं ऑपरेशन. मी अकरा वर्षांची होती, तू बावीसचा. त्याले बाहेर आणलं तेव्हा तू त्याले उचलून घेतलं आणि ओरडत होता, "हा गरम आहे, हा जिवंत आहे, आत घ्या त्याले!" इतकी वर्षं तू मले एकटीले हेच सांगतो, तेही त्याचं नाव न घेता. त्याचं आंग हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं, हात वाकत नव्हता, दातखीळ बसली होती. जिवंत पोराले मेला म्हणून काढून दिलं, असं तू म्हणतो. मी तुले कधी खोटं पाडलं नाही, आजही पाडत नाही. तू जे पाहिलं ते खरंच पाहिलं. आंग तापलेलं होतं, कडक होतं. माझ्या वर्गातल्या पोरांले मी जे पुस्तकातून शिकवते, ते तू स्वतःच्या दोन हातांवर घेतलं होतं. फक्त त्याचा अर्थ तुले कोणी सांगू शकलं नाही.

आणि आपण लोकांले काय सांगितलं? "मधला तापाने गेला." मुलगी पाहायले आलेल्या प्रत्येक घरी हेच. माझ्या लग्नात हेच. टेबलावर गेला म्हटलं की लोक विचारणार, काय रोग होता, खानदानात आहे काय, म्हणून बाबांनी एक वाक्य ठरवून दिलं आणि आपण सगळ्यांनी ते पाठ केलं. पुढे पुढे तर घरात लहानूदादाचं नावही कोणी घेईना. सणाच्या जेवणाले आई एक ताट जास्त वाढायची आणि कोणाचं ते सांगायची नाही. गंमत पाहा, लोकांसाठी खोटं म्हणून ठरवलं ते अगदीच खोटं नव्हतं. पण ते अर्धं सांगितलं की डॉक्टरच्या काही कामाचं राहत नाही.

आता माझं सांगते. दिवाळीनंतर माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तुले कळवलं नाही. कळवलं असतं तर तू आला असता आणि भुलीच्या डॉक्टरची गचांडी धरली असती. मी त्यांले लहानूदादाचं आधीच सांगितलं होतं. त्यांनी वायू वापरलाच नाही, शिरेतून औषध देऊन झोपवलं. उठली तेव्हा चहा मागितला मी, एवढं सोपं झालं. नंतर रक्त तपासायले दिलं. निकाल आला.

माझ्यात आहे दादा. ते दार माझ्यातही तसंच आहे.

साक्षगंधाच्या दिवशी मी हेच सांगायले आली होती. "लहानूदादाचं त्या लोकांले..." एवढं बोलली आणि तू हात धरून मले बाहेर काढलं. "माझ्या पोरीचं लग्न मोडायचं आहे काय तुले?" म्हटलं. पाहुण्यांसमोर. मी पायात चपला नीट न घालता परत आली, आणि त्या दिवसाचा राग मले अजून आहे. तो काही या पत्राने जाणार नाही. पण राग माझा आहे, जीव रितिकाचा आहे.

हे आईकडून आलं का बाबांकडून, ते आता कळणार नाही. दोघांचंही कधी ऑपरेशन झालंच नव्हतं. लहानूदादाले मिळालं, मले मिळालं. तुले मिळालं असण्याची शक्यता निम्मी. तुझ्यात असलं तर रितिकात असण्याची पुन्हा निम्मी. आणि हे घेऊन माणूस म्हातारा होऊन मरतो, लग्न करतो, सगळं करतो. मीच बघ ना. फक्त तो वायू नको. एवढ्या गोष्टीसाठी तू पोरीले नाणं उडवून टेबलावर झोपवशील काय?

आता जे लिहायचं टाळून मी इतकी पानं भरली, ते लिहिते.

लहानूदादा गेला त्या दिवशी तू ज्यांले मारलं, त्या भुलीच्या डॉक्टरांचं नाव देवराव. घरात आपण त्यांले कसाई म्हणत आलो. तू त्यांच्या तोंडावर मारलं तेव्हा मी बाकाखाली बसली होती, आणि ते काय बोलत होते ते मी ऐकलं. तू पण ऐकलं. ते म्हणत होते, "हे रक्तातलं असू शकते, घरात पुढे कोणालाही भूल द्यायची असेल तर आधी सांगा, माझं ऐका." आणि तू म्हटलं, "आपली चूक आमच्या खानदानावर ढकलून राहिला!" आणि मारलं. तुझ्या हातात कडं होतं. डोळ्याखाली रक्त आलं, तरी तो माणूस तेच बोलत राहिला. ऐका, आधी सांगा.

मी या विषयात काहून गेली, असं वहिनी विचारायची. याच्यामुळे. त्या एका वाक्याचा अर्थ मले पाहिजे होता.

डिसेंबरात मी त्यांले शोधून भेटली. आता खूप म्हातारे झाले, काठी घेऊन चालतात. डोळ्याखाली तो व्रण आहे. मी सांगितलं, लहानूची बहीण. त्यांनी काठी भिंतीले टेकवली, बसले, आणि मले पहिलंच काय विचारलं माहीत आहे? "बाकी घरचे सगळे ठीक आहेत ना? कोणाले पुन्हा तशी भूल दिली नाही ना?"

तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. मी म्हटलं, अजून तरी सगळे ठीक आहेत. घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून खूप रडली. त्यांची चूक नव्हती दादा. त्यांच्या हातून तो गेला, पण त्यांनी मारला नाही. आणि तेवढ्या मारातही ते तुले वाचवत होते. तुले, मले, तेव्हा जन्मालेही न आलेल्या रितिकाले.

आता साफ बोलते. गुरुवारी दुपारपर्यंत तू डॉक्टरले सांगितलं नाही, तर मी स्वतः दवाखान्यात येऊन सांगीन. रितिकालेही सांगीन. तू दारात उभा राहिला तरी सांगीन, मोहितची आई रुख्मिणीबाई समोर असल्या तरी सांगीन. यावेळी हात धरून बाहेर काढायचं असलं तर आणखी दोन माणसं बोलावून ठेव, एकट्याने होणार नाही. पण मले वाटते ते तू सांगावं. बापाने सांगितलं तर पोरीले त्याची लाज वाटणार नाही. आत्याने येऊन सांगितलं तर ते घरात जन्मभर लपवलेलं काहीतरी होऊन बसेल.

उन्हात पाणी पीत जा. वहिनीले नमस्कार, बंटीले आशीर्वाद.

रितिकाची आत्या,
आणि दार उघडलं तर तुझी बहीण,
गोपिका


कळमेश्वर
बुधवार, २ एप्रिल २०२५

गोपे,

आशीर्वाद. मले पत्र लिवायची सवय नाही, अक्षर लागलं नाही तर रितिकाले फोन करून विचार. कारखान्यात गिऱ्हाइकाची रांग लागली आहे आणि मी मागच्या खोलीत खसच्या गठ्ठ्यावर बसून लिवून राहिलो. बंटी दोनदा डोकावून गेला. बापाले लिवताना त्यानं कधी पाह्यलं नाही.

तुह्यं पत्र मंगळवारी आलं. पहिल्या पानाले हसलो. फ्लोटपाशी म्हटलं, ही मले फ्लोट शिकवते काय? पण समजलं. समजलं म्हणूनच राग आला. देवराव डॉक्टरपाशी आलो आणि फाडलं. खरं सांगतो, चार तुकडे केले आणि भुशाच्या पोत्यात टाकले. तुह्या वहिनीनं ते काढले, टेपनं जुळवले, आणि जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवले. स्वतः जेवली नाही. मग मलेही घास गेला नाही.

रात्री मी माहे हात पाहून राहिलो होतो. तू लिवलं ना, दोन हातांवर घेतलं होतं म्हणून. ते गरमपण माह्या हातातून कधी गेलंच नाही वं. कूलरची जळालेली मोटर हातात घेतली की दरवेळी मले तेच आठवते. कोणाले सांगितलं नाही. तुह्या पत्रात ते मोटरचं वाचलं तेव्हा वाटलं, हिले कसं कळलं?

गुरुवारी तपासणीले गेलो. मी, रितिका, तिची माय. तिथं पाहतो तर रुख्मिणीबाई बुटीबोरीहून येऊन बसलेली. कोणी बोलावलं नव्हतं. "सून आमचीच आहे," म्हणे. मनात म्हटलं, बाई, आजच यायचं होतं काय!

भुलीची डॉक्टर म्हणजे पोरगीच होय, रितिकापेक्षा जराशी मोठी. विचारत गेली, दमा आहे काय, शुगर आहे काय. मग म्हणे, "घरात कोणी कमी वयात अचानक गेलं का?" मी ठरवूनच गेलो होतो गोपे. गाडीत ते वाक्य म्हणत म्हणत गेलो होतो. पण रुख्मिणीबाई बाजूले, आणि तोंडाले वर्षांची सवय. निघून गेलं, "भाऊ होता, तापाने गेला."

आता सोडून देईल वाटलं. आजपर्यंत सगळ्याईनं सोडून दिलं. तापाने गेला म्हटलं की लोक च्च च्च करतात आणि चहा घेतात. या पोरीनं पेन थांबवलं आणि म्हणे, "कसला ताप काका? घरी असताना आला, की दवाखान्यात?"

कोणी पुढं विचारलं नव्हतं गोपे. कधीच नाही.

तुह्यी वहिनी माह्याकडं पाहून राहिली. रितिका तिचा चांगला कान माह्याकडं करून बसली होती. मी म्हटलं, "टेबलावर आला. भूल दिल्यावर. कोपराचं ऑपरेशन होतं. आंगाले हात लावू देत नव्हतं, हात वाकत नव्हता. त्याचं नाव लहानू होतं." नाव घेतलं आणि आवाज फाटला. होणाऱ्या विहिणीसमोर लेकरावानी रडलो. रितिकानं पाणी आणलं. तिले मी आतापर्यंत काकाचं नावही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर पोरगी उठून उभी राहिली. "बरं झालं सांगितलं काका," म्हणे, आणि तिच्या मोठ्या डॉक्टरले घेऊन आली. शुक्रवारचं ऑपरेशन पुढं ढकललं. भुलीच्या मशीनीतला वायू काढून ती साफ करायची होती, दुसरी औषधं मागवायची होती. ते तापाचं औषधही कुठून तरी आणून ठेवलं, लागलं नाही पण ठेवलं. मी तुह्या रक्ताचं पण सांगितलं. ती म्हणे, "तुमच्या बहिणीचे रिपोर्ट पाठवा, त्या कोण आहेत?" मी म्हटलं, कॅल्शियमची डॉक्टर आहे. हसू नको.

बाहेर आल्यावर रुख्मिणीबाई म्हणे, "साक्षगंधाआधी काहून नाही सांगितलं भाऊ?" मी खरं सांगितलं, भेव वाटलं. ती तशीच बुटीबोरीची बस धरून गेली. शुक्रवार गेला, शनिवार गेला, फोन नाही. तुह्या वहिनीनं देव पाण्यात ठेवले. मी म्हटलं, मोडलं तर मोडलं, पोरगी घरात तर आहे. हे मी म्हटलं, मी! रितिका म्हणे, "बाबा, मी मोहितले सगळं समजावून सांगितलं आहे, आत्याचं पत्रच पाठवलं त्याले." म्हणजे तुह्यं टेप लावलेलं पत्र बुटीबोरीले फिरून आलं.

पाडव्याले सकाळी रुख्मिणीबाई दारात. हातात साखरेची गाठी. रितिकाच्या गळ्यात घातली आणि मले म्हणे, "आणखी काही सांगायचं राहिलं असलं तर आजच सांगा भाऊ, सणाचा दिवस आहे." टोमणा होता. घेतला. चहाही घेतला तिनं, साखर जास्त टाकून.

काल ऑपरेशन झालं. मी बाहेर बसलो होतो. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. तू दोन बाकं सोडून बसली होती, मी पाह्यलं. त्या दिवशी तू बाकाखाली होती, काल बाकावर होती, एवढंच मनात येऊन राहिलं होतं. मग दार उघडलं, तिले बाहेर आणलं आणि मी पहिले काय केलं ते तू पाह्यलं. लोकांले वाटलं असेल बाप नाडी पाहून राहिला.

मी हात वाकवून पाह्यला गोपे. वाकला. कोपरापासून सहज वाकला. मऊ होता. आणि गार होता, ओल्या खससारखा गार. मी तो हात किती वेळ सोडलाच नाही. ती अर्धवट झोपेत म्हणे, "बाबा, दुखून राहिलं, सोडा ना."

माह्यंही रक्त तपासायचं आहे. कुठं द्यायचं ते सांग. बंटीचंही देऊ.

आणि देवराव डॉक्टरसाहेबाकडं मले घेऊन चाल, या रविवारी. मी म्हटलं चांगल्यातला एक कूलर घेऊन जाऊ, तर तुह्यी वहिनी म्हणे, "मारलेल्या माणसाले कूलर देता काय? आधी पाय धरा." तिचं बरोबर आहे. कूलर मागून देऊ. त्याईनं तुले विचारलं होतं ना, बाकी घरचे ठीक आहेत काय. ते उत्तर तुह्यं नाही, माह्यं आहे. मी देईन. तू फक्त बाजूले उभी राह्य, मले हात धरून आत न्यायले.

साक्षगंधाच्या दिवसाचं काय लिवू. तू म्हणते राग या पत्रानं जाणार नाही. नको जाऊ दे. राग घेऊन ये, पण जेवायले ये. तुह्यं ताट वाढीन, आणि आईवानी आणखी एक वाढीन. कोणाचं आहे, ते आता जो विचारेल त्याले सांगीन.

तुह्या दारात उभा असलेला,
तुहा आणि लहानूचा,
दादा